ॲस्टनचे चौघे

५ जुलै २०२५ रोजी इंग्लंडमधील बर्मिंगहॅम शहरात, व्हिला पार्क या फुटबॉलच्या मैदानावर, 'ब्लॅक सॅबथ' या रॉक वाद्यवृंदाचा अखेरचा कार्यक्रम झाला. मी तो पाहिला. रॉक संगीताचा मी जाणकार नाही, आणि निवृत्त मास्तराने अशा ठिकाणी जाऊ नये असे घरच्यांचेही मत होते. पण पुतण्या त्या शहरात नोकरीला आहे. त्याने दोन तिकिटे काढली आणि किंमत शेवटपर्यंत सांगितली नाही. "काका, हे चौघे पुन्हा एकत्र दिसणार नाहीत," एवढेच म्हणाला. 'चौघे' या शब्दावर त्याने दिलेला जोर मला त्या वेळी कळला नव्हता. या लेखाचा विषय तोच शब्द आहे.

चौघेही याच मैदानाच्या आसपासचे, ॲस्टन या कामगारवस्तीतले. गायक ऑझी ऑस्बॉर्न, गिटारवादक टोनी आयोमी, बास वाजवणारा आणि बहुतेक गीते लिहिणारा गीझर बटलर, आणि ड्रमवर बिल वॉर्ड. महायुद्धात बॉम्ब पडून मोकळ्या झालेल्या जागांवर खेळत ही पोरे वाढली. ऑझीने खाटीकखान्यात काम केले. त्याची आई ज्या कारखान्यात होती तिथे मोटारींचे भोंगे तपासण्याचे कामही केले. दुकान फोडल्याच्या गुन्ह्यात दंड भरता आला नाही म्हणून तो काही आठवडे तुरुंगात राहिला. लहानपणी सामन्याच्या दिवशी याच मैदानाबाहेर तो लोकांच्या मोटारी राखून चिल्लर मिळवीत असे. बटलर हिशेबनिसाच्या हाताखाली उमेदवारी करीत होता. १९६८ साली हे चौघे एकत्र आले.

आयोमीची गोष्ट थोडी सविस्तर सांगितली पाहिजे. तो सतरा वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. संगीतासाठी नोकरी सोडायचे ठरले होते आणि तो शेवटचा दिवस होता. दुपारी जेवायला घरी आला तेव्हा परत जाऊच नये असे त्याला वाटत होते. आई म्हणाली, दिवस पुरा करून ये. त्या दिवशी प्रेस मशीनवरचे माणूस आले नव्हते. मालकाचे काम थांबू नये म्हणून ज्याला त्या यंत्राची माहिती नाही अशा पोराला तिथे बसवले गेले. उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके गेली. आयोमी डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. पुढे त्याने द्रव साबणाची प्लास्टिकची बाटली वितळवून त्या बोटांसाठी टोपणे केली आणि त्यांवर जुन्या जॅकेटचे कातडे चिकटवले. जाड तारा दाबवत नव्हत्या म्हणून हलक्या लावल्या, आणि १९७१ च्या तिसऱ्या तबकडीपासून त्या तीन अर्धस्वरांनी उतरवूनही वाजवल्या. ज्याला आज जगभर 'हेवी मेटल' म्हणतात त्या संगीताचा काळाकुट्ट, खर्जातला आवाज घडला तो असा. कलाकृतीला स्वतःपुरते स्वायत्त विश्व मानणाऱ्या आमच्या कलावादी समीक्षकांनी या प्लास्टिकच्या टोपणांचे काय करायचे, ते त्यांनीच ठरवावे.

याच प्रसंगाला जोडून आणखी एक नाव येते. खचलेल्या आयोमीला कारखान्यातल्याच वरिष्ठाने एक तबकडी आणून दिली. ती होती जँगो राइनहार्टची. १९२८ साली गाडीघराला लागलेल्या आगीत या वादकाच्या हाताची दोन बोटे कायमची अधू झाली आणि उरलेल्या बोटांवर तो युरोपातला थोर जॅझ गिटारवादक झाला. तो रोमा समाजातला. युरोपने ज्यांना शतकानुशतके गावकुसाबाहेर ठेवले, ज्यांचे पूर्वज उत्तर भारतातून गेले, आणि ज्यांच्या 'रोम' या नावाचा संबंध भाषाशास्त्रज्ञ आपल्याकडच्या 'डोम' या शब्दाशी जोडतात, ते हे लोक. बर्मिंगहॅमच्या गोऱ्या कामगार पोराला उभे राहण्याची हिंमत मिळाली ती अशा बहिष्कृताकडून.

सॅबथची पहिली तबकडी १३ फेब्रुवारी १९७० रोजी आली. प्रस्थापित समीक्षेने तिचे कसे स्वागत केले? अमेरिकेच्या 'रोलिंग स्टोन'मध्ये लेस्टर बँग्ज यांनी तिची खिल्ली उडवली. ओबडधोबड, बोजड, बेसूर ही विशेषणे सॅबथला पुढे कितीतरी वर्षे पुरली. विशेषणे ओळखीची वाटतात ना? दलित कवितेला आमच्याकडे हीच मिळाली होती. त्याच वर्षीच्या दुसऱ्या तबकडीत 'वॉर पिग्ज' हे गाणे आहे. व्हिएतनामचे युद्ध चालू असताना सत्ताधारी युद्ध पुकारतात आणि मरायला गरिबाला पाठवतात, हे त्यात स्पष्ट मांडले होते. पण त्यांच्या गळ्यातल्या क्रुसांवर आणि सैतानाच्या उल्लेखांवरच चर्चा होत राहिली. २००६ साली अमेरिकेतल्या 'रॉक अँड रोल'च्या सन्मान दालनात त्यांना स्थान मिळाले. त्या वेळी विशेषणे बदलली होती. संगीत तेच होते.

आता बिल वॉर्ड. सॅबथचे संगीत म्हणजे कारखान्यातल्या घणांचा आवाज, असे नेहमी म्हटले जाते. मला हे अर्धेच खरे वाटते. आयोमीची गिटार यंत्र आहे, यात शंका नाही. ती येते, दाबते, उठते, पुन्हा दाबते. वॉर्डचा ड्रम मात्र यंत्र नाही. तो जॅझ ऐकून वाढलेला. जीन क्रूपासारख्या वादकांचे संस्कार त्याच्यावर होते, आणि ते जॅझ मुळात अमेरिकेतल्या काळ्या माणसाने घडवलेले. त्याचा ठोका किंचित मागे रेंगाळतो, मध्येच पुढे धावतो, गिटारच्या ठरीव आघाताभोवती झोके घेतो. या संगीतात यंत्र आहे आणि यंत्रापुढे उभा असलेला, यंत्राच्या वेळेत पुरता न बसणारा माणूसही आहे. तो माणूस म्हणजे वॉर्डची लय. ती काढली तर उरतो नुसता कारखाना.

आणि ती काढली गेली. नोव्हेंबर २०११ मध्ये चौघांच्या पुनर्मीलनाची घोषणा झाली. फेब्रुवारी २०१२ मध्ये वॉर्डने जाहीर केले की, सही करता येईल असा करार आपल्याला मिळालेला नाही. त्याचे शरीर दौऱ्याचा ताण सोसण्याजोगे नाही, असे नंतर दुसऱ्या बाजूने सांगितले गेले. २०१३ ची तबकडी आणि त्यापुढचे दौरे, ४ फेब्रुवारी २०१७ रोजी बर्मिंगहॅमला संपलेला 'द एंड' हा निरोपाचा दौराही, दुसऱ्या वादकांच्या ड्रमवर झाले. ते वादक तरुण आणि कसलेले होते. मी ती तबकडी मुद्दाम ऐकली. ठोका चोख आहे, कुठेही चुकत नाही, आणि म्हणूनच ती मला मुकी वाटते. करारात कोणाची बाजू खरी, याचा निवाडा मी करू शकत नाही. पण एक प्रश्न विचारलाच पाहिजे. कारखान्याने मोडलेल्या बोटांतून जे संगीत उभे राहिले, त्याच संगीताचा धंदा वाढल्यावर कामगाराचे शरीर 'योग्य' आहे की नाही याची तपासणी कोणत्या तोंडाने केली गेली?

व्हिला पार्कवर चाळीस हजारांवर लोक होते. दुपारपासून मेटॅलिका, स्लेयर, पँटेरा असे एकेक वाद्यवृंद येऊन सॅबथची गाणी वाजवून ऋण मान्य करीत होते. माझे कान तिसऱ्या तासालाच थकले. कार्यक्रमाचे उत्पन्न पार्किन्सन्सच्या आजारावर काम करणाऱ्या संस्थेला, मुलांच्या रुग्णालयाला आणि मरणासन्न मुलांच्या शुश्रूषागृहाला जायचे होते, हे नमूद करतो. ऑझीला स्वतःला पार्किन्सन्स होता. तो काळ्या सिंहासनावर बसून मंचाखालून वर आला आणि उठू शकला नाही. आईच्या नावाने असलेले त्याचे एक संथ गाणे आहे, त्यात आवाज फाटला. त्याची बाजू लोकांनी सांभाळली. तो थांबे तिथे मैदान गाऊ लागे.

मग हवाई हल्ल्याचा भोंगा वाजला आणि चौघे एकत्र बसले. २००५ नंतर प्रथमच. गाणी फक्त चार झाली, 'वॉर पिग्ज'पासून 'पॅरानॉइड'पर्यंत. वॉर्ड सत्त्याहत्तर वर्षांचा. काही जागी त्याचा हात मागे पडला. आयोमीने मान वळवून त्याच्याकडे पाहिले आणि गिटार त्याच्यासाठी थांबवली. गिटारने ड्रमसाठी थांबण्याचा तो क्षणभराचा अवकाश मी विसरणार नाही. यंत्र माणसाची वाट पाहात होते. पुतण्याचा 'चौघे' मला तेव्हा कळला.

भारावून गेलो तरी डोळे मिटता येत नाहीत. माझ्याभोवतीची गर्दी बहुतांशी गोरी होती, आणि हे शहर तसे नाही. आयोमीची बोटे गेली त्याच १९६५ साली, १२ फेब्रुवारीला, माल्कम एक्स इथून काही मैलांवरच्या स्मेथविकला आला होता. तिथल्या मार्शल स्ट्रीटवरची घरे काळ्या आणि आशियाई लोकांना मिळू नयेत म्हणून नगरपालिका ती विकत घ्यायला निघाली होती. तो तो रस्ता चालला आणि नऊ दिवसांनी अमेरिकेत मारला गेला. ज्या काळ्या उठावाने १९७२ मध्ये मुंबईत 'पँथर' हे नाव दिले, त्याचे पाऊल या वस्तीत पडले होते. पंजाबच्या दोआबातून आलेले आमचे रविदासिया आणि वाल्मीकी बांधव त्याच वर्षांत याच पट्ट्यातल्या ओतशाळांत खपत होते. सॅबथच्या गीतांत सेनापती आहेत, सैतान आहे, अणुबॉम्ब आहे. शेजारच्या भट्टीवरचा हा माणूस नाही. वीस-बावीस वर्षांच्या पोरांकडून सगळ्याची अपेक्षा करू नये, हे मान्य. तरी ही उणीव आहे, ती आहे असे म्हटले पाहिजे.

पुतण्याच्या शेजारी असेच एक वृद्ध गृहस्थ राहतात, मूळचे जालंधरकडचे. तीस वर्षे ओतशाळेत होते, घणाच्या आवाजाने एका कानाने जवळजवळ बहिरे झाले आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारले, "काल मैदानावर कोण वाजवत होते?" मी सांगितले. "कामगार होते का?" "होते, एके काळी." त्यांनी बराच वेळ मान हलवली आणि चहा मागवला.

२२ जुलैला, कार्यक्रमानंतर सतरा दिवसांनी, ऑझी वारला. ३० जुलैला त्याची अंत्ययात्रा ब्रॉड स्ट्रीटवरून, सॅबथचे नाव दिलेल्या पुलाजवळून गेली, तेव्हा मी परतलो होतो. पुतण्या गेला होता. त्या रात्रीच्या वादनाचे जे जे मुद्रण माझ्या हाती येईल त्यात मी आधी एकच गोष्ट तपासणार आहे: वॉर्डचे मागे पडलेले ठोके जागेवर आहेत, की कोणी ते नीट करून ठेवले आहेत.