पिशव्या भरल्या, वह्या कोऱ्याच

गेल्या हिवाळ्यात पुण्याबाहेरच्या एका दगडाच्या खाणीत एका खनिजप्रेमी मंडळाची सहल गेली होती. आठवी-नववीची तीसेक मुले, चार शिक्षक, मंडळाचे पाच-सहा सभासद आणि पाहुणे म्हणून आम्ही. मंडळाची तयारी चोख होती. खाणमालकाची लेखी परवानगी घेतलेली, सुट्टीचा दिवस असल्याने सुरुंग बंद, हातोडी चालवणाऱ्याच्या डोळ्यांवर चष्मा, आणि उभ्या कड्याखाली कोणी जायचे नाही अशी सक्त ताकीद. मुलांना वर्गाबाहेर काढून खऱ्या खडकापाशी नेणारी माणसे आपल्याकडे थोडी. त्यामुळे पुढे जे लिहितो आहोत ते उणे काढण्याच्या हौसेने नव्हे, एवढे आधीच सांगतो.

खाणीत पोचताच मुलांना सूचना मिळाली : "चकाकणारे शोधा. सर्वांत सुंदर नमुन्याला बक्षीस!" मग दोन तास नुसती ठोकाठोक. पिशव्या भरल्या. प्रत्येकाला दिलेली छोटी वही मात्र बहुतेकांच्या खिशातून बाहेरही आली नाही.

एका मुलीला हाताच्या पंजाएवढा सुरेख तुकडा सापडला. काळ्या दगडावर फिकट गुलाबी स्टिल्बाइट, मधोमध आवळून बांधलेल्या पेंढीच्या आकाराचे. आणि त्या पेंढ्यांवर बसलेले काचेसारखे स्वच्छ अ‍ॅपोफिलाइटचे स्फटिक. मंडळाच्या एका सभासदांनी मोठ्या आपुलकीने तो फोडून दिला. "दोन सुटे नमुने होतील बघ. खालचा काळा दगड टाकून दे, उगाच ओझं कशाला?"

यात काय गमावले, ते समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरले. लाव्हा थिजताना त्यातल्या वायूचे बुडबुडे आत अडकले आणि खडकात पोकळ्या राहिल्या. पुढे खडकातून झिरपणाऱ्या उष्ण पाण्यात विरघळलेली द्रव्ये या पोकळ्यांच्या भिंतींवर साचत गेली. साहजिकच जे आधी साचले ते भिंतीला चिकटले आणि जे नंतर आले ते त्याच्यावर बसले. म्हणजे त्या मुलीच्या हातातला तुकडा हा घटनांचा क्रमच होता : आधी काळा बेसाल्ट, मग स्टिल्बाइट, मग अ‍ॅपोफिलाइट. हातोडीच्या एका घावात तो क्रम संपला. आठवड्याने शाळेत प्रदर्शन भरले तेव्हा दुसऱ्या एका मुलाने तिला विचारले, "यातलं आधी कुठलं तयार झालं?" दोन्ही खनिजे कापसावर वेगवेगळी ठेवलेली होती. उत्तर खाणीतच राहिले होते.

दुसरी गोष्ट खाणीच्या राखणदाराची. हे गृहस्थ पूर्वी तिथेच दगड फोडायचे. मुलांची धावपळ पाहून ते म्हणाले, "साहेब, पोरं उगा खाली ठोकत्यात. ही वरच्या अंगालाच घावतात. खाली समदा घट्ट कातळ." कोणी थांबून ऐकले नाही. खरे तर त्या दिवसाचा सर्वांत मोलाचा धडा या तीन वाक्यांत होता. वायूचे बुडबुडे वर चढतात, म्हणून लाव्हाच्या थराचा वरचा भाग सच्छिद्र होतो आणि मधला भाग घट्ट राहतो. खाणीच्या भिंतीकडे दहा पावले मागे सरून पाहिले असते, तर मुलांना हा फरक स्वतःच दिसला असता. "काका, वरच्याच अंगाला का?" असा प्रश्न एखाद्याने जरूर विचारला असता.

तिसरी गोष्ट दिशेची. काही पोकळ्यांत अकीकाचे सपाट, एकावर एक पट्टे असतात. ते साचताना आडवे होते. आज ते कललेले दिसले, तर खडक नंतर कलला असावा असा तर्क करता येतो. पण त्यासाठी नमुना सुटा करण्यापूर्वी त्यावर 'वर' दाखवणारा बाण काढावा लागतो. खडू प्रत्येक शाळेत असतो. त्या दिवशी तो कोणी नेला नव्हता.

प्रदर्शनात साठेक नमुने होते आणि जवळजवळ प्रत्येकाखाली एकच शब्द होता : 'झिओलाइट'. कॅल्साइटखालीही तोच आणि अ‍ॅपोफिलाइटखालीही तोच. ही दोन्ही खनिजे झिओलाइट नव्हेत. झिओलाइट म्हणजे सिलिकॉन, अ‍ॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन यांचा जाळीदार सांगाडा, ज्याच्या पोकळ वाटांमध्ये पाणी असते. क्रोनस्टेट या स्वीडिश शास्त्रज्ञाने १७५६ साली हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'उकळणारा दगड'. स्टिल्बाइटचे चार कण कोरड्या परीक्षानळीत तापवले की नळीच्या वरच्या, थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. कॅल्साइटच्या पुडीवर लिंबाचा रस टाकून भिंगाखाली पाहिले तर बुडबुडे दिसतात. एवढे दोन प्रयोग केले असते, तरी निम्म्या चिठ्ठ्या मुलांनी स्वतःच बदलल्या असत्या.

यावर मंडळाचे म्हणणे असे की आधी गोडी लागू द्यावी, शिस्त मागाहून येते. यात तथ्य आहे. चकाकीने मूल खडकाकडे ओढले जात असेल, तर उत्तमच! पण परतीच्या बसमध्ये आम्ही सर्वाधिक ऐकलेला प्रश्न होता, "सर, हा केवढ्याला जाईल?" सौंदर्यालाच बक्षीस ठेवले की पुढचा प्रश्न किमतीचाच येणार. गंमत म्हणजे जाणता संग्राहकही ठिकाणाची नोंद नसलेला नमुना कमी लेखतो. कॅव्हन्साइट हे निळे खनिज अमेरिकेतल्या ऑरेगनमधून १९७३ साली प्रथम वर्णिले गेले. पुढे पुण्याजवळच्या वाघोलीतल्या नमुन्यांनी ते जगभरच्या संग्रहालयांत पोचवले. चिठ्ठीवर 'वाघोली' नसेल, तर उरतो फक्त एक निळा दगड.

आणखी एक कारण आहे. खाणीची आज दिसणारी भिंत उद्या खडी होऊन रस्त्यात जाते. शहराजवळच्या जुन्या खाणी बुजतात, वर इमारती उभ्या राहतात. त्या भिंतीत काय होते याची नोंद मुलांच्या वहीत राहिली, तर कदाचित तीच एकमेव नोंद असेल. म्हणून कोऱ्या वह्यांचे आम्हाला वाईट वाटले.

अशी सहल काढू इच्छिणाऱ्या शिक्षकांना आमच्या सूचना साध्या आहेत. पहिला अर्धा तास हातोड्या पिशवीतच राहू द्या. लांबून भिंतीचे चित्र काढायला सांगा, थर मोजायला सांगा, खाणीवरच्या माणसाशी बोलू द्या. प्रत्येक गटाने दोनच नमुने घ्यावेत. शक्यतो खाली पडलेले, मूळ खडकासकट. भिंतीतून काढायचाच असेल तर आधी बाण. मग क्रमांक, तारीख, ठिकाण, थरातली जागा, आणि वर्तमानपत्रात गुंडाळणे. बक्षीस ठेवायचेच असेल तर ते उत्तम नोंदीला ठेवा.

हेच मंडळ येत्या हिवाळ्यात पुन्हा सहल काढणार आहे. आम्हाला बोलावणे आले, तर आम्ही आनंदाने जाऊ आणि जाताना खडूची एक पेटी बरोबर नेऊ.