झाडीपट्टीचं नाटक आणि डीएसएलआरचा अर्धा तास

भंडारा जिल्ह्यात दिवाळीनंतर मंडई भरते आणि झाडीपट्टीची नाटकं रात्रभर चालतात. ती टिपायला आपण बहुतेक जण डीएसएलआरच उचलतो. मोठ्या सेन्सरमुळे कमी उजेडातही चित्र छान येतं, हे खरंच. पण बऱ्याच मॉडेलांत सलग चित्रण २९ मिनिटं ५९ सेकंदांवर थांबतं. नाटक थांबत नाही. शिवाय अंधारात अपर्चर मोठं ठेवावं लागतं. मग नट स्पष्ट, प्रेक्षक धूसर. आपला विषय तर दोघांतलं नातं! म्हणून माझं मत: मुलाखतींना डीएसएलआर उत्तम, अख्ख्या प्रयोगाला कॅमकॉर्डर, ट्रायपॉड आणि आवाजासाठी वेगळा रेकॉर्डर. तरीही डीएसएलआरच असेल, तर सुटलेली मिनिटं तिथंच वहीत नोंदवा. प्रबंधात ती लपवू नका.