'लाव रे तो व्हिडिओ' : मैदानातली सभा, फोनमधली सभा

२०१९च्या लोकसभा निवडणुकीतल्या राज ठाकरे यांच्या सभा मी दोनदा पाहिल्या : आधी व्हॉट्सॲपवर तुकड्यातुकड्यांनी, नंतर यूट्यूबवर सलग. या दोन वेगळ्या संहिता आहेत, असे माझे मत झाले आहे.

सलग सभेची ताकद व्हिडिओत नाही, त्याआधीच्या थांबण्यात आहे. 'लाव रे' म्हटले की वक्ता गप्प होतो, मैदान पडद्याकडे वळते. मेळघाटातले हरिसाल जाहिरातीत 'डिजिटल गाव' म्हणून मिरवले होते. सोलापूरच्या सभेत ती जाहिरात दाखवली गेली आणि तिच्यातला तरुणच व्यासपीठावर आला. कीर्तनातला दृष्टान्त चालत यावा तसा!

फोनवर हे थांबणे कापले जाते. उरते फक्त सत्ताधाऱ्यांची फजिती. हसायचे आणि पुढे पाठवायचे, मीही पाठवले. (मनसे ती निवडणूक लढवतच नव्हती, त्यामुळे मत मागायला स्वतःचा उमेदवारही नव्हता.)

युतीने ४८पैकी ४१ जागा जिंकल्या, सोलापूरही. म्हणून प्रयोग फसला म्हणणे मला घाईचे वाटते. माझा आक्षेप त्या वाक्यालाच आहे. 'लाव रे' ही आज्ञा पडद्यामागच्या पोराला आहे. मतदाराला तिच्यात कामच नाही, तो नुसता बघ्या.

पुढे भाजपच्या आशिष शेलार यांनी व्हिडिओंना व्हिडिओंनीच उत्तर दिले. आमच्या गटात दोन्हींचे तुकडे आले. पाठवणारी माणसे बहुतेक तीच होती.