कर्णाचे वकीलपत्र

‘कल्की २८९८ एडी’ या तेलुगू चित्रपटाच्या अखेरीस, २०२४ साली, कर्ण पुनर्जन्म घेऊन पडद्यावर आला, आणि तेवढ्या एका सूचनेवर आमच्याकडे अन्यायग्रस्त महावीराची जी आळवणी पुन्हा सुरू झाली, तिने मला लेखणी उचलण्यास भाग पाडले. चित्रपटाशी माझे भांडण नाही; ज्या वृत्तीने मराठी वाचकाचे मन या आळवणीसाठी फार पूर्वीच तयार करून ठेवले, तिच्याशी आहे.

भांडारकर संस्थेची महाभारताची चिकित्सित आवृत्ती १९६६ साली पूर्णत्वास गेली आणि पुढच्याच वर्षी इरावती कर्व्यांचे ‘युगान्त’ व शिवाजी सावंतांची ‘मृत्युंजय’ ही दोन पुस्तके प्रसिद्ध झाली. कर्णाकडे जाणाऱ्या दोन वाटा त्या एका वर्षात वाचकापुढे उघड्या होत्या. त्याने बहुसंख्येने दुसरी धरली. कर्णावरचेच शिरवाडकरांचे ‘कौन्तेय’ हे नाटक तत्पूर्वीचे, आणि ‘राधेय’ या कादंबरीविषयी, त्यातील भाषेचे माधुर्य मान्य करून, अधिक लिहिण्याचे कारण मला दिसत नाही.

‘मृत्युंजय’चे सामर्थ्य तिच्या रचनेत आहे, आणि तिचा दोषही तिथेच आहे. कर्ण स्वतः बोलतो. कुंती, दुर्योधन, पत्नी वृषाली, भाऊ शोण आणि शेवटी श्रीकृष्णही बोलतो. मात्र द्यूतसभेत ज्या स्त्रीला कर्णाने कुलटा म्हटले आणि जिची वस्त्रे उतरवण्याचा हुकूम त्याच्याच तोंडून दुःशासनाला मिळाला, त्या द्रौपदीला, या प्रकरणातील खऱ्या फिर्यादीला, सबंध कादंबरीत स्वतंत्र निवेदन नाही. स्वयंवरात तिने ‘सूतपुत्र’ म्हणून कर्णाला झिडकारले, सबब सभेतील सूड क्षम्य, असा युक्तिवाद आजही सर्रास ऐकू येतो. परंतु तो झिडकारण्याचा प्रसंग चिकित्सित आवृत्तीने मूळ संहितेत घेतलेला नाही, आणि ज्या दस्तऐवजावर ही सारी कैफियत उभी आहे तो दस्तऐवजच उत्तरकालीन ठरतो, हे सांगण्याची तसदी कोणी घेत नाही.

व्यासांचा कर्ण अशा वकिलीची गरज भासावी इतका दुबळा नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जन्मरहस्य सांगतो, तेव्हा तो ना उसळतो, ना ढसाढसा रडतो. आपल्याला पाहताच राधेला पान्हा फुटला, अधिरथाने आपले जातकर्म केले, वसुषेण हे नाव ठेवले, विवाह करून दिले, मुलेनातवंडे झाली, असा एकेक तपशील तो ऋणको आपले देणे मोजतो तसा मोजतो. युधिष्ठिराला हे कळू देऊ नकोस, कळले तर तो राज्य मला देईल आणि मी ते दुर्योधनाला देईन, असे बजावतो. आणि त्याच संभाषणात, दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून पांडवांना आपण जे कटू बोललो त्याचा आज आपल्याला पश्चात्ताप होतो, हेही सांगतो. कोणी विचारलेले नसताना दिलेली ही कबुली आहे! पुढे गंगातीरी, त्याचा जप संपेपर्यंत, सुकलेल्या कमलमालेसारखी कुंती त्याच्या उत्तरीयाच्या सावलीत उभी राहते. तिला तो अर्जुनाखेरीज चौघांचे अभय देतो, पण शत्रूनेही केले नसते ते तू केलेस, हे तोंडावर सांगितल्यावाचून राहत नाही. मातेने टाकल्याची जखम आणि स्वतःच्या दुष्कृत्याची बोच, ही दोन्ही या माणसात एकत्र नांदतात आणि एक दुसरीची फेड करीत नाही.

‘युगान्त’ने हे जाणले. ‘मी कोण?’ या प्रश्नाने पोखरलेला कर्ण कर्वेबाईंनी रंगवला, पण त्याच्या अपयशांवर अश्रूंचे पांघरूण घातले नाही. घोषयात्रेत गंधर्वांपुढून पळालेला आणि अभिमन्यूचे धनुष्य तोडणारा कर्णही कर्णच आहे, हे पत्करण्याचे धैर्य त्या दृष्टीत आहे. आमच्या कादंबरीकारांना हे धैर्य का होऊ नये? नायकाचे बालपण दुःखाचे दाखवले की त्याच्या प्रौढपणीच्या प्रत्येक कृत्याला माफीची सनद मिळते, हा कोणत्या न्यायाचा निवाडा? ज्याने स्वतः पश्चात्ताप व्यक्त केला त्याला निर्दोष ठरवणे म्हणजे त्याच्या पश्चात्तापालाच खोटे पाडणे होय, आणि कर्णाचा याहून मोठा अपमान अर्जुनानेही केला नव्हता. पुढचा लेखक कर्ण लिहावयास बसेल तेव्हा त्याने सूर्य, कवचकुंडले आणि दानशौर्य खुशाल बाजूला ठेवावे आणि पहिले प्रकरण द्रौपदीच्या तोंडी द्यावे. त्या जबानीपुढे उभा राहूनही जो कर्ण वाचकाला जवळचा वाटेल, तो व्यासांचा.