छळ, साक्ष आणि ख्रिस्तप्रसाद

विल्यम कॅव्हनॉ यांच्या १९९८ सालच्या ‘टॉर्चर अँड युकॅरिस्ट’ या ग्रंथाचा विषय पिनोचेतच्या राजवटीतील चिली हा आहे. छळाचा हेतू केवळ माहिती काढणे हा नसून माणसामाणसांतील नाते तोडणे हा होता आणि ख्रिस्तप्रसाद ते नाते पुन्हा जोडतो, हे त्यांचे प्रतिपादन आम्हांस मोलाचे वाटते. परंतु छळगृहातून जिवंत परतलेली व्यक्ती वेदीपर्यंत पोहोचते कशी, याचे विवेचन आम्हांस अपुरे वाटले.

याच चिलीत एलिझाबेथ लिरा व युहेनिया वाइन्स्टाइन या मानसशास्त्रज्ञांनी साक्षोपचार सिद्ध केला. १९८३ मध्ये त्यांनी तो प्रसिद्ध केला तोही टोपणनावांनी. दहशतच तेवढी होती. पीडित आपली हकीकत सांगतो, ती ध्वनिमुद्रित होते, मग उपचारक व तो मिळून तिला लिखित रूप देतात. कबुलीजबाबासाठी जी वाणी पिळून काढली गेली, तीच येथे स्वेच्छेने उमटते. आपण धर्मगुरू मात्र अशा माणसास, त्याचे ऐकून घेण्यापूर्वीच, क्षमेचा उपदेश करतो! पुढे वाराणसीत या उपचारास एका विधीची जोड मिळाली: साक्ष लोकांसमक्ष वाचून दाखविली जाते. कॅव्हनॉ ज्या मंडळीचा शोध घेतात, ती आम्हांस तेथे अधिक स्पष्ट दिसते.