आधीच लिहून ठेवलेले मृत्युलेख, आणि न लिहिलेले

१६ नोव्हेंबर २०२० रोजी 'रेडिओ फ्रान्स इंटरनॅशनल'च्या वेबसाइटवर जगातले शंभरेक नामवंत एकदम 'वारले'. ब्रिटनची राणी एलिझाबेथ, फुटबॉलपटू पेले, क्लिंट ईस्टवुड, सोफिया लॉरेन, अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर, इराणचे खामेनी. त्या दिवशी हे सगळे जिवंत होते. वेबसाइट जुन्या सिस्टिममधून नव्या सिस्टिममध्ये हलवली जात होती आणि त्यात ड्राफ्ट म्हणून ठेवलेले मृत्युलेख थेट पब्लिश झाले. संस्थेने माफी मागितली, लेख काढून टाकले, विषय संपला.

एका सिस्टिममधला डेटा दुसरीकडे नेणं हे माझं रोजचं काम आहे, त्यामुळे बातमी वाचून आधी हसू आलं. मग वाटलं, चूक बाजूला ठेवली तर ही यादी भारी आहे. एरवी ती कुणालाही दाखवत नाहीत. कोण मेल्यावर आपण थांबून काहीतरी म्हणायचं, हे एका न्यूजरूमने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. चुकून का होईना, ते सगळ्यांना दिसलं.

माणूस जिवंत असताना त्याचा मृत्युलेख लिहून ठेवणं अनेकांना क्रूर वाटतं. आपल्याकडे तर 'शुभ बोल रे नाऱ्या' म्हणून विषयच बंद करतात. पण ऐंशी वर्षांचं आयुष्य चाळीस मिनिटांत नीट लिहिता येत नाही, हे साधं गणित आहे. 'न्यूयॉर्क टाइम्स'कडे असे दीड हजाराहून जास्त लेख तयार असतात. २०११मध्ये एलिझाबेथ टेलर गेली, तेव्हा तिच्या मृत्युलेखावर मेल गसो यांचं नाव होतं. गसो स्वतः २००५मध्येच गेले होते. विनोदवीर बॉब होप २००३मध्ये, वयाच्या शंभराव्या वर्षी गेला. त्याच्यावर लिहिणारे व्हिन्सेंट कॅन्बी त्याच्याआधी तीन वर्षं गेले होते. लेखक गेल्यावरही छापण्याजोगा उरलेला मजकूर किती विचार करून लिहिलेला असेल, याचा अंदाज यावरून येतो.

या खात्यावर व्हेनेसा गूल्ड यांची 'ऑबिट' ही २०१६ची डॉक्युमेंटरी आहे. ती जरूर बघा. तिच्यातली माणसं फार आवडतात. सकाळी एक नाव हातात येतं, संध्याकाळपर्यंत ते आयुष्य समजून घ्यायचं, घरच्यांना फोन करायचा आणि त्या फोनवर निर्लज्जपणे जन्मतारखेचं स्पेलिंगसुद्धा तपासायचं. मृत्युलेखात मृत्यूला एखाददुसरं वाक्य, बाकी सगळं जगणं, हा त्यांचा आग्रह आहे. कात्रणांनी भरलेलं तळघरही दिसतं, ज्याला ते लोक 'मॉर्ग' म्हणतात. तिथे एलिनॉर स्मिथ या वैमानिक मुलीचा मृत्युलेख १९३१पासून तयार होता. ती तेव्हा जेमतेम विशीची होती. विमान उडवते म्हणजे लवकर मरणार, असा हिशोब. ती २०१०मध्ये, ९८व्या वर्षी गेली.

एका जागी मात्र ही डॉक्युमेंटरी घाई करते. या पानांवर गोरे पुरुषच जास्त का, या प्रश्नावर उत्तर येतं की आज मरणारे लोक चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी मोठे झाले, त्या काळात संधी त्यांनाच होती, त्याचंच हे प्रतिबिंब. उत्तर तर्कशुद्ध वाटतं आणि कॅमेरा पुढे जातो.

हे उत्तर अपुरं असल्याचं पुढे 'टाइम्स'नेच दाखवलं. ८ मार्च २०१८ला त्यांनी 'ओव्हरलुक्ड' नावाची मालिका सुरू केली. १८५१पासून ज्यांचे मृत्युलेख छापायला हवे होते पण छापले नाहीत, त्यांच्यावर आता लिहायचं. पहिल्या पंधरा बायकांमध्ये एडा लव्हलेस होती. माझ्या पेशातलं जवळजवळ प्रत्येक पुस्तक जिच्यापासून सुरू होतं ती, १८५२मध्ये गेलेली. वंशद्वेषाविरुद्ध लिहिणाऱ्या पत्रकार आयडा बी. वेल्स होत्या. कवयित्री सिल्व्हिया प्लाथ होती. आणि आपली मधुबाला होती, १९६९मध्ये गेलेली. मधुबालाला संधी मिळाली नव्हती असं कोण म्हणेल? वेल्स यांनीही हयातभर जाहीर काम केलं होतं. या बायका आपापल्या जगात ठळक दिसत होत्या. यादी करणाऱ्यांना दिसल्या नाहीत. तेव्हा 'प्रतिबिंब' म्हणून हात झटकता येत नाहीत. आरसा कुठे धरायचा, हेही कुणीतरी ठरवलेलं असतं.

मृत्युलेखांच्या या धंद्यात मला तीन प्रकारचे बिघाड दिसतात आणि त्यांची किंमत सारखी नाही.

पहिला बिघाड यंत्राचा. रेडिओ फ्रान्सचा तसा होता. २००३मध्ये सीएनएनचे कच्चे मृत्युलेख वेबसाइटच्या अशा कोपऱ्यात सापडले जिथे पासवर्डच नव्हता. जुन्या लेखांचे साचे वापरल्यामुळे फिडेल कॅस्ट्रोच्या नावावर रोनाल्ड रेगनची सिनेमातली कारकीर्द लागली होती. ऑगस्ट २००८मध्ये 'ब्लूमबर्ग'कडून स्टीव्ह जॉब्सचा मृत्युलेख बाहेर गेला, प्रतिक्रियेसाठी कुणाला फोन करायचा त्या यादीसकट. पुढच्याच महिन्यात जॉब्सने स्टेजवर मार्क ट्वेनचा आधार घेत, आपल्या मरणाच्या बातम्या जरा फुगवलेल्या आहेत, असा विनोद केला. असे बिघाड लाजिरवाणे असतात, पण परमिशन बदलली की सुटतात.

दुसरा बिघाड माणसाचा. २२ मार्च १९७९ला पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं सांगितलं आणि सभागृहाने श्रद्धांजली वाहिली. जेपी मुंबईत जसलोक रुग्णालयात जिवंत होते. ते गेले ८ ऑक्टोबरला. नोव्हेंबर २०२२मध्ये विक्रम गोखले पुण्यात रुग्णालयात असताना २३ तारखेच्या रात्री त्यांच्या निधनाची बातमी फिरली. ते गेले २६ला. मधल्या काळात, आजारी माणसाच्या उशाशी बसलेल्या कुटुंबाला, ते अजून आहेत, हे लोकांना सांगत बसावं लागलं. नोव्हेंबर २०२५मध्ये धर्मेंद्र यांच्या बाबतीत पुन्हा तेच. ११ तारखेला बातमी, प्रत्यक्ष मृत्यू २४ला. यात कुठलंही सॉफ्टवेअर बिघडलं नव्हतं. एक फोन कुणी केला नाही, एवढंच. आणि आपणही काही मागे नसतो. चॅनलवर पट्टी सरकायच्या आत फॅमिली ग्रुपवर हात जोडलेले इमोजी रांगेने हजर असतात.

लेख आधी लिहून ठेवल्यामुळे असं होतं, असा आरोप केला जातो. मला तो पटत नाही. मजकूर तयार असेल तर खात्री करायला उलट वेळ मिळतो. हातात काहीच नसेल तेव्हा 'सर्वात आधी' हीच एक गोष्ट विकायला उरते. मग पुढचा मजकूरही साच्यातून येतो: 'काळाच्या पडद्याआड', 'चटका लावणारी एक्झिट', 'एका पर्वाचा अस्त', 'कधीही भरून न निघणारी पोकळी'. सीएनएनच्या साच्यात कॅस्ट्रो सिनेनट झाला म्हणून आपण हसतो. आपल्या या चार वाक्यांत कुठल्याही माणसाचं नाव घाला, कुठेही अडत नाही. म्हणजे त्यात माणूस नव्हताच. मराठीला हे जमत नाही असं नाही. १९६४मध्ये नेहरू गेल्यावर आचार्य अत्र्यांनी 'मराठा'त लेखांमागून लेख लिहिले, त्यांचं पुढे 'सूर्यास्त' हे पुस्तक झालं. पण अत्रे एकच होते. न्यूजरूमला अत्रे मिळेलच असं नाही, फाइल मात्र ठेवता येते.

तिसरा बिघाड आवाजच करत नाही. ज्याचं नाव यादीत नाही त्याचा मृत्युलेख चुकून पब्लिश होत नाही आणि वेळेवरही होत नाही. माझ्या कामात अशाच चुकांची सगळ्यात जास्त भीती वाटते. प्रोग्राम क्रॅश झाला तर निदान कळतं. पण एखादी ओळ डेटाबेसमध्ये कधी भरलीच गेली नसेल, तर कुठलाही एरर येत नाही. रिपोर्ट अगदी व्यवस्थित दिसतो. मधुबालाची ती ओळ ४९ वर्षं रिकामी होती आणि पेपर रोज निघत होता.

मराठीत ही रिकामी जागा किती मोठी असेल याचा विचार करा. फडात चाळीस वर्षं ढोलकी वाजवलेला माणूस. हौशी नाटकांना गावोगाव प्रकाश देणारा. तालुक्याच्या पेपरात शेवटपर्यंत कोर्टाच्या बातम्या लिहिणारी बाई. हे लोक गेले की दोन ओळी येतात, किती वर्षांचे होते आणि मागे कोण आहे. बाकीचं विचारायला तोवर कुणी उरलेलं नसतं, कारण ते ज्याला ठाऊक होतं तोच गेलेला असतो.

यावर एक जुना उपाय आहे. 'टाइम्स'चे ऑल्डन व्हिटमन १९६०च्या दशकात ज्यांचा मृत्युलेख लिहायचा त्यांनाच जाऊन भेटायचे. हॅरी ट्रुमन यांनाही भेटले. पुढे २००७मध्ये त्याच पेपरने स्तंभलेखक आर्ट बुकवाल्डची आधी रेकॉर्ड केलेली मुलाखत त्याच्या मृत्यूनंतर दाखवली. त्यात बुकवाल्ड स्वतःच हसत हसत आपण गेल्याचं सांगतो. समोरच्याला माहीत असतं की हे आपण गेल्यावर वाचलं जाणार. तरी लोक बोलतात, कारण त्यांना कुणीतरी विचारलेलं असतं.

त्यासाठी मोठी न्यूजरूम लागत नाही. तुमच्या गावातलं एक नाव ठरवा, फोनवर रेकॉर्डर सुरू करा आणि काम कुठे शिकलात, पहिले पैसे किती मिळाले, कुणाशी भांडलात, हे विचारा. तारखा तेव्हाच तपासा, कारण चुकलं तर दुरुस्त करायला तो माणूस समोर आहे. आणि लिहून झालं की त्यांनाच वाचून दाखवा.