ध्रुवाकडील उषा आणि टिळकांचा ग्रंथ

कांहीं ग्रंथांच्या वांट्याला मोठें चमत्कारिक भाग्य येतें. त्यांचें नांव सर्वांच्या तोंडीं असतें, आपल्या कपाटांत ते असावेत असें प्रत्येकास वाटतें, आणि ते उघडण्याची निकड मात्र कोणास भासत नाहीं. लोकमान्य टिळकांचा १९०३ सालीं प्रसिद्ध झालेला 'दि आर्क्टिक होम इन दि वेदाज' हा इंग्रजी ग्रंथ अशांपैकींच एक होय. आर्यांचें मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होतें, एवढें एक वाक्य आपल्याकडील बहुतेक सुशिक्षितांस ठाऊक असतें. त्या वाक्यापर्यंत टिळक कोणत्या वाटेनें पोंचले हें ठाऊक असणारा विरळा. आम्ही स्वतः या दोषांतून मुक्त नव्हतों. वडिलांच्या संग्रहांतील प्रत आमच्या पनवेलच्या घरीं कित्येक वर्षें होती. विद्यार्थिदशेंत ती एकदां चाळली आणि अभिमानानें परत ठेवली. पुढें तो ग्रंथ ज्या प्रदेशाविषयीं बोलतो त्याच प्रदेशांत, ऐन हिवाळ्यांत, बसून वाचण्याचा योग आम्हांस आला. त्या वाचनानें आमचा आदर वाढला आणि विश्वास मात्र कमी झाला. असें कां झालें, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

आमचा एक पुतण्या नॉर्वे देशाच्या उत्तर भागांत ट्रोम्सो या गांवीं नोकरीनिमित्त राहतो. हें गांव ६९ अंश ३९ कला उत्तर अक्षांशावर, म्हणजे ध्रुववृत्ताच्याहि बरेंच पलीकडे आहे. पनवेल एकोणिसाव्या अंशावर. येथील वर्षांतला सर्वांत लहान दिवस सुद्धां सुमारें अकरा तासांचा. ट्रोम्सोस नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत सूर्य क्षितिजावर येतच नाहीं. आम्ही ८ जानेवारीस तेथें उतरलों. तोंपर्यंत बर्फ आम्हीं पाहिलें होतें तें सरबताच्या पेल्यांत आणि गोळेवाल्याच्या गाडीवर. आकाशांतून पिंजलेल्या कापसासारखें निःशब्द उतरणाऱ्या, छपरें, होड्या व डोंगर एकाच शुभ्र मौनांत बुडविणाऱ्या त्या पदार्थासहि आमची बोली बर्फच म्हणते. 'हिम' हा शब्द आपल्याकडे पोथींतला. त्यास थंडीचा स्पर्श म्हणून कधीं झालेला नाहीं. पहिल्याच दुपारीं आम्हीं भोळेपणानें विचारलें, "अरे, येथें सूर्य उगवतो तरी कधीं?" "काका, अजून दोन आठवडे तरी नाहीं," पुतण्यानें शांतपणें उत्तर दिलें. त्या रात्रीं, किंवा ज्याला रात्र म्हणावें अशा वेळीं, आम्हीं वडिलांची प्रत उघडली.

या ग्रंथाचा जन्म तुरुंगांत झाला, हें विसरून तो वाचतां येत नाहीं. १८९७ सालीं राजद्रोहाच्या खटल्यांत टिळकांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. तत्पूर्वीं १८९३ च्या 'ओरायन'मुळें त्यांचें नांव युरोपांतील पंडितांस परिचित झालें होतें. त्यांपैकीं मॅक्समुल्लर यांनीं आपल्या ऋग्वेदाची नवी आवृत्ति त्यांजकडे धाडली. आणि रात्रीं कांहीं तास दिव्याच्या उजेडांत वाचण्याची परवानगी मिळाली, असें टिळक प्रस्तावनेंत कृतज्ञतेनें नमूद करतात. या सिद्धान्ताचा आराखडा त्या दिव्याच्या प्रकाशांतून निघाला आहे.

ग्रंथाची पद्धति वकिलास शोभेल अशी आहे. वॉरन या अमेरिकन विद्वानानें १८८५ सालींच मनुष्यजातीचें आदिस्थान ध्रुवावर कल्पिलें होतें. परंतु टिळकांची शिस्त निराळी. ते प्रथम ज्योतिषाच्या आधारें दोन याद्या करतात: ऐन ध्रुवावर काय दिसेल, आणि ध्रुवाभोंवतालच्या प्रदेशांत काय दिसेल. ध्रुवावर सहा महिन्यांचा दिवस, सहा महिन्यांची रात्र, आणि क्षितिजाभोंवतीं चाकासारखी फिरत राहणारी दीर्घ उषा. भोंवतालच्या प्रदेशांत वर्षाचे तीन भाग: एक अखंड रात्र, एक अखंड दिवस, आणि मधला काळ आपल्यासारख्या अहोरात्रांचा. या खुणा ठरविल्यावर मगच ते वेदाकडे वळतात. सूर्योदयापूर्वीं पुष्कळ दिवस लोटल्याचा निर्देश, तैत्तिरीय संहितेंतील तीस भगिनींसारख्या तीस उषा, दहा महिन्यांत आटोपणारें गवामयन सत्र, जिचा पार दिसत नाहीं अशा रात्रीचें भय, हे सर्व साक्षीदार ते एकामागून एक पिंजऱ्यांत उभे करतात.

आतां आमचा अनुभव सांगतों. ट्रोम्सोस रोज मध्यान्हीं दक्षिणेकडील आकाश उजळे. प्रथम निळसर, मग फिकट गुलाबी, मग डोंगरांच्या कडांवर केशरी रेघ. आतां सूर्य येणार असें वाटावें, आणि तासा-दोन तासांत तो रंग ओसरून जावा. दुसऱ्या दिवशीं तीच उषा थोडी अधिक दीप्तिमान्, आणि पुन्हां रिकामीच. उषा पुष्कळ आणि सूर्य एकहि नाहीं! ज्या ऋचेवर सायणाचार्यांपासून अर्वाचीन पंडितांपर्यंत सर्वांनीं शब्दांची कसरत केली, ती येथें खिडकींतून सरळ वाचतां येत होती. टिळकांनीं वर्णिलेली फिरती उषा या अक्षांशावर दिसत नाहीं, ती थेट ध्रुवाजवळची, हें खरें. तरीहि त्या आठवड्यांत आम्ही त्यांचा पक्ष जवळजवळ मान्य करून बसलों होतों, हें कबूल केलें पाहिजे.

परंतु वचन स्थळास जुळणें निराळें आणि तें त्या स्थळीं जन्मलें असें सिद्ध होणें निराळें. टिळकांचें सारें कालमापन त्या वेळच्या भूगर्भशास्त्रावर उभें आहे. ध्रुवप्रदेश पूर्वीं सौम्य हवेचा होता आणि ख्रिस्तपूर्व १०००० ते ८००० च्या सुमारास हिमप्रलयानें तो उजाड झाला, असें ते धरून चालतात. आज जें ज्ञात आहे तें याच्या उलट आहे. सुमारें वीस हजार वर्षांपूर्वीं हा स्कँडिनेव्हियाचा प्रदेश प्रचंड हिमस्तराखालीं गाडलेला होता, आणि शेवटचें हिमयुग सुमारें ११,७०० वर्षांपूर्वीं संपलें. टिळक ज्या काळीं हिम आलें म्हणतात, त्या काळीं तें माघार घेत होतें. दुसरी अडचण चाकाची. चाकाचे शब्द संस्कृतांत व तिच्या युरोपीय भगिनीभाषांत एकाच धातूपासून आलेले आढळतात. आणि गाडीचें चाक ख्रिस्तपूर्व चौथ्या सहस्रकाच्या फार मागें नेतां येत नाहीं. मग हें कुटुंब त्याच्या कित्येक सहस्रकें आधींच फुटलें, असें कसें म्हणावें?

आमचा तिसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. एकदां किल्ली हातीं आली कीं प्रत्येक कुलूप तिनेंच उघडावें असा मोह टिळकांस होतो. इंद्रास शंबर चाळिसाव्या शरदांत सांपडला, या वचनाचा परंपरागत अर्थ चाळिसावें वर्ष असा. टिळक तेथें शरदृतूचा चाळिसावा दिवस वाचतात व तेथून दीर्घ रात्रीचा आरंभ करतात. इंद्रवृत्रयुद्धाचा पर्जन्यपर अर्थ तर ते जवळजवळ मोडीतच काढतात. पनवेलकरास हें पटणें कठीण. आषाढांत गाढी नदी फुगलेली, कर्नाळ्याचा सुळका आठ-आठ दिवस ढगांत गडप झालेला, आणि सकाळ होऊनहि सूर्य नाहीं, हें ज्यानें पाहिलें आहे त्यास कोंडलेल्या जळाची व हरवलेल्या प्रकाशाची कथा समजण्यास ध्रुवापर्यंत जावें लागत नाहीं. नारायण भवानराव पावगी यांनीं १९१५ सालीं सप्तसिंधूचा पक्ष मांडून टिळकांस उत्तर दिलें. त्यांचीं सर्व विधानें आम्हांस मान्य नाहींत. परंतु टिळकांचा आदर राखूनहि त्यांच्याशीं विरोध करतां येतो, हा धडा त्यांनीं घालून दिला.

ट्रोम्सोस वाचतांना आणखी एक गोष्ट आमच्या ध्यानांत आली. ध्रुवप्रदेशावरील या ग्रंथांत थंडी जवळजवळ नाहीं! अंधार आहे, प्रकाश आहे, त्यांचें तास न् दिवस मोजलेलें गणित आहे. परंतु बोटें बधिर करणारा वारा नाहीं, पायाखालीं करकरणारें बर्फ नाहीं. हिम येतें तें शेवटीं शत्रु म्हणून, आणि वस्तीस हांकलून देतें. याचें एक कारण त्यांच्या सिद्धान्तांतच आहे. त्यांचा ध्रुवप्रदेश वासंतिक होता. दुसरें कारण वेदांत आहे. तेथें 'हिम' हा शब्द शंभर हिवाळे जगूं या अशा आशेनें वर्षें मोजण्यासाठींहि येतो. तिसरें कारण, आमच्या मतें, त्या कोठडींत आहे. ज्यास रात्रीं दिवा किती तास मिळेल हें सरकारच्या मर्जीवर होतें, त्या पुरुषानें वेदांतून निवडून काढलें तें दीर्घ रात्रीचें भय आणि उषेची प्रतीक्षा. हें आम्ही प्रमाण म्हणून सांगत नाहीं. वाचक म्हणून आम्हांस तें जाणवलें एवढेंच.

तेव्हां निर्णय काय? इतिहास म्हणून हा सिद्धान्त आज टिकत नाहीं, हें स्पष्ट म्हणावें. तें न म्हणतां ग्रंथाची पूजा करणें हा त्याचा अपमान आहे, कारण पुराव्याची छाननी हाच त्याचा धर्म आहे. परंतु उषेच्या सूक्तांचें वाचन म्हणून तो जिवंत आहे. ऋषींचे शब्द अलंकार नसून पाहिलेल्या गोष्टींचे असूं शकतात, हा त्याचा आग्रह कोणत्याहि अध्यापकानें शिरसावंद्य मानावा.

२१ जानेवारीच्या सुमारास ट्रोम्सोच्या डोंगरांवरून सूर्याची पहिली कोर दिसते. त्या दिवशीं तेथें सूर्याच्या नांवानें गोड पाव खाण्याची चाल आहे. आम्हीं सुद्धां एक खाल्ला. मुलें रस्त्यांत उभीं राहून दक्षिणेकडे पाहत होतीं. कोर दिसली, आणि थोड्याच वेळांत गेली. वडिलांची प्रत आतां पनवेलच्या घरीं परत आली आहे. मात्र ती कपाटांत न ठेवतां आम्हीं मेजावर ठेविली आहे.